चार पहिले अंक

बाइंडरकाकांनी चाळीस वर्षांत वकिली फायलींपासून शब्दकोशांपर्यंत सगळं बांधलं होतं. सुपरहिरोंची कॉमिक्स मात्र पहिल्यांदाच आली. शाळेतल्या बाई वारलेल्या भावाचा संग्रह देऊन म्हणाल्या, "मी यातलं कधीच वाचलं नाही, काका. पहिल्यापासून वाचता येईल असं बांधा."

काकांनी गठ्ठा सोडला. 'अंक १' असे चार निघाले, चारही वेगळे! छापणाऱ्यांनी मालिका दर वेळी नव्याने सुरू करून आकडे पुन्हा एकपासून घातले होते. एकदा शिवलं की भोकं पडली. क्रम चुकला तर गेलेल्या माणसाची ठेव कायमची खराब. काका सुई उचलायचे आणि परत ठेवायचे. शेवटी चष्मा लावून ते चारही अंक वाचायला बसले. तीन अंकांत कोण कुणाचा वैरी, काही पत्ता लागेना. चौथ्यात एका नर्सला अंगातली ताकद नुकतीच कळत होती, आणि तिच्याबरोबर काकांनाही सगळं उमगत गेलं. तोच त्यांनी सगळ्यांत आधी बांधला.

बाई आल्या तेव्हा काकांनी बांधलेला खंड त्यांच्या हातात दिला. "हा क्रम माझा आहे, बाई. भावाचा कोणता होता, देव जाणे."

बाई उभ्याउभ्याच वाचू लागल्या. काका बघत राहिले. सहाव्या पानावर बाईंनी नजर न हलवता पायानेच स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.