झोळीखालची ऊब

थंडी वरून येते असं म्हणणारा माणूस कधी झोळीत झोपलेला नसतो. थंडी खालून येते आणि पाठीत शिरते.

सन साठच्या आसपास मी मोर्शीकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत राखणीला होतो. ओलितानं जमीन गारठलेली, म्हणून काकांनी बांधावरच्या दोन कडुनिंबांना अंबाडीच्या दोरानं झोळी बांधून दिली. दुहेरी गोणपाट, मध्ये तुरीचं कुटार, म्हणजे भुसा. तरी पाठ काकडायची. शेवटी मी झोळी चांगली खाली उतरवली, जमिनीपासून हातभर, आणि तिच्याखाली गोवऱ्यांचा विस्तव राखेत दाबून ठेवला.

काका संध्याकाळी चक्कर मारायला आले. "इतकी खाली काहून बांधली? वर घे."

"थंडीनं मरून राहिलो ना, काका."

"थंडीनं कोणी मरत नाई," ते म्हणाले आणि बागेमागच्या डोंगराकडे पाहत राहिले. मला संताप आला. घरात गोधडी पांघरून झोपणाऱ्यानं हे सांगावं! झोळी होती तिथंच ठेवली.

झोप छान लागली. पहाटे तर पाठीला जास्तच ऊब वाटली.

उजाडल्यावर काका आले आणि बांधावरच थबकले. झोळीखालची राख माणूसभर लांब दबली होती. तिच्यात पिवळट केस होते आणि कडेला बिबट्याच्या पंजाचे ठसे.

काकांनी राख उकरली. गोवऱ्या अर्ध्याही जळल्या नव्हत्या. विस्तव रात्रीच कधीतरी विझला होता.

"पहाटे तर पाठीले मस्त ऊब होती," मी म्हणालो.

"मंग पहाटे तुले ऊब कशाची लागली?" काकांनी विचारलं.