बाहीवरची दुसरी पट्टी

नर्सिंग कॉलेजच्या फाटकासमोर टेलरमामांचं दुकान. दुकान कसलं, एक मशीन, एक बाकडं आणि भिंतीला आरसा! कॉलेजचे गणवेश तेच शिवायचे. पहिल्या वर्षाला बाहीवर एक निळी पट्टी, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. त्यामुळे प्राचार्यांना नसेल एवढी खबर मामांना. पहिली पट्टी लावायला साठ मुली येतात, दुसरीला चाळीस, तिसरीला जेमतेम तीस. आणि गळतात कोण? ज्यांच्या आया माप देताना म्हणतात, "मामा, खाली चार बोटं दुमड ठेवा, तीन वर्षं पुरला पाहिजे," त्याच.

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत हे कुठलं असायला! तिच्यात फी फक्त पहिल्या वर्षाची, शेजारी पगाराचा गलेलठ्ठ आकडा, आणि खाली 'आमच्याकडे सर्व थरांतल्या मुली शिकतात.' मामांनी एकदा तिथल्या क्लार्कला छेडलं होतं. तो म्हणाला, "पगार नोकरीला लागलेल्यांचा हो, मामा. मधेच सोडून गेलेल्यांना कोण विचारतंय?"

एवढं ठाऊक असून मामांनी स्वतःच्या लेकीला तिथंच घातलं. कळतं पण वळत नाही म्हणतात ना, तसं. पोरगी हुशार; लहानपणापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जखमा बांधायची. मामांनी दुसरं मशीन विकून फी भरली आणि तिच्याही गणवेशाला चार बोटं दुमड ठेवली. आपली नाही गळायची, असं स्वतःला बजावलं. कॉलेजवाल्यांनी हौसेनं तिचा फोटोही काढून नेला.

दुसऱ्या वर्षी फी दीडपट झाली. वर लांबच्या दवाखान्यातली ड्युटी, रोजचं बसभाडं, पुस्तकं. मामा तीनदा ऑफिसात हात जोडून आले. बँकेनं कर्जाला तारण मागितलं. तारण म्हणून दाखवायचं काय, कात्री? शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, राहू द्या आता." मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवे प्रवेश सुरू झाले तशी एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. हातात कोरी पुस्तिका, वर हसरा फोटो.

"मामा, ही टेलरची मुलगी आहे म्हणे. हिच्याकडे बघूनच आम्हाला धीर आला. आता चांगली कमावत असेल, नाही?"

मागे स्टुलावर काजं करत बसलेली लेक उठली, गळ्यात टेप टाकून पुढे आली. बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे. पुस्तिका तिनं हळूच पिशवीत सारली.

लेकीनं त्या मुलीला आरशासमोर उभं केलं. खांदा मोजला, बाही मोजली. मग विचारलं, "काकू, फी भरलीत?"

"कालच. होत्या त्या बांगड्या मोडल्या."

लेक खाली वाकून उंची मोजत राहिली. वर न बघताच म्हणाली, "बाबा, लिहून घ्या. दुमड चार बोटं."