पळणाऱ्या पत्रिका

दोन हजार सालानंतरची काही वर्षं पिपरी मेघेच्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत, मी आणि माझी वहिनी कॉम्प्युटरवर निमंत्रणपत्रिका तयार करायचो. लग्नाच्या, वास्तूच्या, तेरवीच्या म्हणजे तेराव्याच्या. छापायला वर्ध्याला द्यायचो. कॉम्प्युटर एकच, तोही जुना. त्यावर मी हौसेनं लिनक्स टाकलं होतं, कारण त्यात एकाच पडद्यावर आलटून पालटून चार डेस्कटॉप उघडता यायचे. लग्नं पहिल्यावर आणि तेरव्या दुसऱ्यावर, अशी वहिनींनी वाटणीच करून टाकली. विंडो माऊसनं धरून पडद्याच्या कडेला नेली की ती शेजारच्या डेस्कटॉपवर जायची.

निदान जायला हवी होती. आमची विंडो शेजारी थांबतच नसे. कधी ती दोन घरं पुढे जाऊन बसे, तर कधी आपण पुढे आणि ती मागेच.

"भाऊजी, हे विंडो पळून राह्यली," वहिनी सांगत. मी बघायला गेलो की ती शहाण्यासारखी वागे.

एकदा केळझरचे एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका तपासायला आले. पडद्यावर पत्रिकेमागे झाकलेली नावांची फाइल बघायची म्हणून वहिनींनी पत्रिका जरा उजवीकडे ओढली. कडेला लागली मात्र, पत्रिका गेली आणि पडद्यावर ठळक अक्षरांत तेरवी आली. वहिनींचा हात माऊसवरच राहिला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

काकांनी चष्मा सावरला आणि शांतपणे वाचायला घेतलं.

"हे आमचं नाई," ते म्हणाले. आणखी थोडं वाचलं. "हे गेले का? कापसाच्या बाजारात भेटत होते आम्हाले."

"मागच्या आठवड्यात गेले," वहिनी हळूच म्हणाल्या.

"मले कोणी सांगतलंच नाई. रविवारी होय का तेरवी? मंग जा लागते." त्यांनी पत्ताही नीट वाचून घेतला. मग खुर्ची पुढे ओढली. "बरं, आता आमच्या पोरीची दाखव बाई."

पोरीची पत्रिका चौथ्या डेस्कटॉपवर सापडली.

ते गेल्यावर मी हात धुऊन त्या पळापळीच्या मागे लागलो. माऊसची गोळी काढून आतला मळ खरवडला. फरक नाही. नवीन युजर करून पाहिला, तिथंही तेच. मग एकेक सेटिंग बदलत बसलो. वहिनी शेजारी बसून बघत होत्या.

"साधी विंडो नाई पळत भाऊजी," त्या म्हणाल्या. "गणपतीवालीच पळते. काऊन?"

लग्नपत्रिकेच्या माथ्यावरचं गणपतीचं चित्र भलं मोठं होतं. विंडो ओढताना मशीन प्रत्येक पावलाला अख्खा गणपती नव्यानं रंगवत होतं आणि धापा टाकत होतं. तेवढ्या वेळात माऊसचा बाण कडेलाच अडकून राही, आणि विंडो हलवणाऱ्या प्रोग्रॅमला वाटे, यांना अजून पुढे जायचंय. 'ओढताना विंडोतला मजकूर दाखवा' यावरची खूण मी काढून टाकली. आता ओढताना नुसती रिकामी चौकट सरकायची. पत्रिका शेजारी गेली आणि तिथंच थांबली.

"गणपती कुठं गेला?" वहिनींनी विचारलं.

"माऊस सोडा, येते."

त्यांनी सोडला. गणपती आला. त्यांनी पुन्हा चौकट धरली, पुन्हा सोडली, चारही डेस्कटॉपवरून त्याला फिरवून आणलं. छापखान्यात पत्रिका आजच द्यायच्यात, अशी आठवण मी करून दिली.

"तुम्ही चहा मांडा तोवर," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

मी चहा मांडला.