एक कॅमशाफ्ट की चार

मुलीची दहावी झाली आणि ती आईबरोबर नाशिकला राहायला गेली, त्याच उन्हाळ्यात मी गाडी घेतली. दोन दारांची, अमेरिकन, आठ सिलिंडरांची, वापरलेली पण नीट ठेवलेली. बायकोला फोटो पाठवला. तिने फोन केला, "हिच्यात मागे कोण बसणार?"

मी म्हटलं, "मागे बसायला आहे कोण?"

गमतीत म्हटलं होतं, पण तिने गाडीची किंमत विचारली.

सौदीतल्या अल खफजीत मी तेलाच्या कामावरचे कॉम्प्रेसर सांभाळतो. दिवसभर इंग्रजी, हिंदी, मोडकंतोडकं अरबी. संध्याकाळी घरी फोन. मुलगी म्हणायची, "आय ॲम फाइन, बाबा. खाना खाया?" मी हो म्हणायचो. बोलणं तिथेच संपायचं. फ्लॅटमध्ये कोणी नसल्यामुळे मी कधीकधी आमटी ढवळताना स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागलो होतो आणि ते माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले.

त्या हिवाळ्यात गाडी सकाळी सुरू केली की पहिली काही सेकंदं आतून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज यायला लागला. कंपनीचं सर्व्हिस सेंटर खूप लांब. म्हणून मी सनाईयात, म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीत गेलो. एका गॅरेजच्या दारात एक म्हातारा मेकॅनिक फोनवर बोलत उभा होता. "ताप उतरला काय गो? पेज तरी खाल्लीस?" मी गाडी बंद केली आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत आतच बसून राहिलो. कोणीतरी कोणाला मराठीत पेज खाल्लीस का विचारतंय, एवढंच ऐकत होतो.

ते रत्नागिरीकडचे होते. तीस वर्षं इथे काढलेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं.

"बघा साहेब. चार कॅमशाफ्ट, त्यांनी उघडायचे बत्तीस व्हॉल्व्ह, आनि ही एवढी लांब साखळी. तिचा तान धरनारा पुर्जा झिजलाय. तेलाचा दाब येईस्तोवर साखळी सैल. तोच आवाज. एवढा पसारा कशाला मांडलान कोन जाने."

मला ते लागलं. पुण्यात कॉलेजात असताना मी याच रचनेवर प्रकल्प केला होता. मी म्हणालो, "उस्ताद, कॅम थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर असला की मधली वजनं जातात. इंजिन मिनिटाला सात हजार फेरे सहज घेतं."

"सात हजार घेऊन जानार कुठे? रस्त्यावर कॅमेरे लावलेत."

मग त्यांनी मला गॅरेजच्या मागच्या बाजूला नेलं. ताडपत्रीखाली एक जुनी अमेरिकन गाडी होती. त्यांच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या सौदी मालकाची. कफीलची नजर अधू झाल्यापासून ती तिथेच उभी होती, इंजिन अर्धवट उघडलेलं. "हा पुशरॉडचा. एकच कॅमशाफ्ट, ती पन खाली, इंजिनाच्या पोटात. तिथून सोळा दांडे वर जातात नि व्हॉल्व्ह ढकलतात. साखळी बघा, वीतभर. इंजिनाचा डोका हलका, बॉनेट खाली, वजन जमिनीजवळ. नि हजार-दीड हजार फेऱ्यांवर जो ओढतो ना, तो तुमचा ओढील?"

पुर्जा यायला पंधरा दिवस लागले. पुर्जा बसला, आवाज गेला, तरी मी जात राहिलो. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की उस्ताद बिनदुधाचा सुलेमानी चहा ठेवायचे आणि आम्ही भांडायचो. मी म्हणायचो, फेरे वाढले की दांड्यांच्या वजनाने व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत. ते म्हणायचे, मग दांडे हलके करा, कोन अडवतोय? मी आठवडाभर मुद्दे जमवायचो. ऑफिसच्या डायरीत कॉम्प्रेसरच्या नोंदींखाली लिहून ठेवायचो. पूर्ण वाक्यांत, मनापासून, मी मराठी बोलत होतो ते तेवढंच.

एका शुक्रवारी चहा ओतता ओतता ते म्हणाले, "खुरूज लागला, साहेब. पुढच्या महिन्यात कायमचा घरी."

मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "हां." मग कपाकडे बघत म्हणाले, "रजेवर गेलो की बायको सांगते, तुमी ओरडून बोलता. गॅरेजात ओरडल्याशिवाय ऐकायला येत नाय, तीच सवय. पोरां मोठी झाली, त्यांचा त्यांचा चाललाय. घरात दोन दिवस पावन्यासारखा वाटतो, तिसऱ्या दिवशी माझी खुर्ची कुठची तेच समजत नाय. इंजिनाचा तर कोन विचारनार नाय."

मी विचारलं, "कफीलच्या गाडीचं काय?"

"चालू करून दिल्याशिवाय जानार नाय. येता मदतीला?"

पुढचे तीन शुक्रवार मी जुने कपडे घालून गेलो. दाबून बघितलं तर एक व्हॉल्व्ह घट्ट अडकलेला होता. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत जुनं पेट्रोल चिकटून बसलेलं. उस्ताद म्हणाले, कोणीतरी तशीच सुरू करायला बघितली असणार, अडकलेल्या व्हॉल्व्हवर दांडा वाकतो, दांडे तपासा. मी सोळाही पुशरॉड पुसले आणि टेबलाच्या काचेवर एकेक करून घरंगळवले. पंधरा सरळ गेले. एक थरथरत गेला. वाक इतका थोडा होता की डोळ्यांना दिसत नव्हता.

"सापडला," मी म्हणालो.

उस्तादांनी तो दांडा हातात घेऊन फिरवला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. कोणी मला हात लावून किती महिने झाले होते याचा मी त्या वेळी हिशेब केला नाही, पण घरी येऊन अंघोळ करेपर्यंत तो हात मला जाणवत होता.

व्हॉल्व्ह मोकळा केला, नवा दांडा बसवला आणि तिसऱ्या शुक्रवारी इंजिन सुरू झालं. समुद्राकडच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी ती गाडी मला चालवायला दिली. मी पाय जेमतेम टेकवला आणि गाडी पुढे सरकली, घाई नाही, खडखडाट नाही. मी वळणापर्यंत तशीच नेली. मग म्हणालो, "ओढते, उस्ताद. हे मी मानतो."

ते खिडकीबाहेर बघत होते. "तुमचा पन वाईट नाय," म्हणाले. "साखळीचा तेवढा बघत जा. तेल वेळेवर बदला."

मी त्यांना दम्माम विमानतळावर सोडलं. माझ्या गाडीची मागची सीट त्यांच्या खोक्यांनी भरली होती. परत येताना ती रिकामी होती आणि मी रेडिओ लावला, पण काय चाललंय ते ऐकलं नाही.

गॅरेज आता एक तरुण उस्ताद चालवतो. कामाला चोख आहे. मी एकदा कॅमशाफ्टचा विषय काढला, तर तो नम्रपणे म्हणाला, "सर, जो आप बोलो." मग मी पुन्हा काढला नाही.

सुरुवातीला उस्तादांना दर शुक्रवारी फोन करायचो. त्यांच्या मुलाने बॅटरीवरची स्कूटर घेतली होती, तिला इंजिनच नाही म्हणून ते वैतागले होते. नंतर त्यांचं बोलणं आखूड होत गेलं. मागे कोणी हाक मारत असायचं, कोणाचं तरी हसणं ऐकू यायचं.

गेल्या शुक्रवारी फोन त्यांच्या बायकोने उचलला. "ते बंदरावर गेलेत. कोनाच्या तरी होडीचा इंजिन बिघडलाय. फोन हयसरच टाकून जातात हल्ली. काय काम होता?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज केला होता."

"जेवलात?"

जेवलो म्हणून सांगितलं. खरं तर भात अजून कुकरमध्येच होता.