बेल वाजवून परत येणारे भाऊजी

चैत्र होता. मी कैरीची डाळ वाटत होते आणि मिक्सरच्या घरघरीत ताईचा पहिला फोन मला ऐकूच आला नाही. दुसरा घेतला. ताई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अगं, हे गेले. जेवून आडवे झाले होते, चहाला हाक मारायला गेले तर..." मग थोडं थांबून, "मी गॅस बंद केलाय. तू ये." कलकत्त्यातल्या गार्डन रीचमधल्या आमच्या रेल्वे क्वार्टरपासून बेहालाला तिच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेवढं एकच वाक्य फिरत होतं. गॅस बंद केलाय म्हणे! भाऊजींच्या चहाचं आधण होतं ते.

आज दीड-दोन महिने झाले. येणारीजाणारी माणसं कमी झालीत, आणि माझ्या लक्षात आलंय की भाऊजींची आठवण निघाली की आम्ही दोघी बहिणी रडण्याऐवजी बहुतेक वेळा हसतोच. लोकांना ते बरं दिसत नसेल. न का दिसेना! ज्या माणसाने आयुष्याची शेवटची वर्षं आम्हाला हसवण्यात घालवली, त्याच्यामागे तोंडं पाडून बसायचं तरी कसं?

माझे हे भाऊजी, मधुकरराव, खिदिरपूरला गोदीत कस्टम्सचे अधिकारी होते. जन्म ठाण्याचा, पण बदलीवर कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. उंचेपुरे, जाड भिवया, आणि आवाज असा की जेटीवर कर्ण्याची गरज पडू नये. तिथे त्या आवाजाचा उपयोग होता. रिटायर झाल्यावर मात्र तो सगळाच्या सगळा घरी आला. पेपर उशिरा आला, आवाज. आमटीत गूळ कमी, आवाज. समोरच्या पंडालचा माईक मोठा, तर त्याहून मोठा आवाज! माणूस मनाचा वाईट नव्हता, हे मी मेव्हणी असून सांगते. दहा मिनिटांनी विसरून ते ताईला "सुधा, आज काय भाजी?" असं गोड विचारायचे. पण ताईची ती दहा मिनिटं कुठे जात होती, ते त्यांना कधी दिसलंच नाही.

एका पावसाळ्यात ताईने बिक्रीवाल्याला, म्हणजे आपल्या रद्दीवाल्याला, जुने पेपर दिले. त्यात भाऊजींचं अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं गेलं. भाऊजी जिन्यातून असे ओरडत सुटले की बिचारा बिक्रीवाला त्यांचे पेपर तर सोडाच, दुसऱ्या कुणाचा तरी डबाही टाकून पळाला. ताईने स्वयंपाक उरकला, ओटा पुसला, आणि ती माळ्यावरची निळी बॅग काढून त्यात साड्या ठेवायला लागली. "मी पुण्याला दादाकडे राहायला जाते," ती त्यांना म्हणाली. "भांडून नाही चालले. पण मला आता आवाज नको आहे."

भाऊजींचा लगेच मला फोन. "मेव्हणीबाई, तुझ्या बहिणीला समजाव."

"मी कशाला समजावू? मी तर तिला बॅग भरायला येतेय," मी म्हटलं.

पलीकडे कितीतरी वेळ शांतता. एवढी शांतता त्या माणसाकडून मी प्रथमच ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "तिला दसऱ्यापर्यंत थांबायला सांग. मी काहीतरी करतो." ताई थांबली. पण बॅग भरलेली तशीच पलंगाखाली ठेवली, आणि तिचं हँडल मुद्दाम बाहेर डोकावेल अशी ठेवली. माझी बहीणच ती!

आता हे "काहीतरी" म्हणजे काय, तर भाऊजी निघाले लिन आंटीकडे. लिन आंटी ही ताईची केस कापणारी. पार्क सर्कसजवळ तिचं पार्लर, तीन पिढ्या कलकत्त्यातच गेलेलं चिनी कुटुंब. तिखट बोलणारी, पत्ते खेळताना सर्रास खोटं खेळणारी आणि ताईची खास मैत्रीण. पूर्वी एकदा भाऊजी ताईला न्यायला गेले असताना बाहेर कुठल्याशा स्कूटरवाल्यावर कडाडले होते, तेव्हा ही बाई कात्री हातात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली होती, "बाबा रे, आपका लिवर कितना गरम है!" भाऊजी तेव्हा भयंकर चिडले. पण बॅगेचं हँडल दिसल्यावर त्यांना तेच वाक्य आठवलं.

लिन आंटीच्या घरी ताओची, म्हणजे त्या जुन्या चिनी पंथाची, काही सोपी रोजची साधना चालत असे. तिच्या वडिलांनी ती मुलींना लावली होती. का, तर "हम सात बहन, एक कमरा. बाबा और क्या करता?" त्यांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक भावना शरीरात कुठेतरी मुक्काम करते. राग यकृतात, दुःख फुप्फुसात, काळजी पोटात. आणि प्रत्येकीला बाहेर काढायचा श्वास वेगळा. रागाचा लांबलचक "शूऽऽ", दुःखाचा "स्सऽऽ", काळजीचा "हूऽऽ". शिवाय सकाळी उठल्यावर डोळे मिटून आपल्याच आतड्या-काळजाकडे बघून हसायचं, गरम पाण्यात पाय सोडून बसायचं, संध्याकाळी रमतगमत फिरायचं. झालं. एवढंच.

"कोर्स किती दिवसांचा?" भाऊजींनी विचारलं म्हणे. "परीक्षा असते का?"

आंटी कपाळाला हात लावून म्हणाली, "जोर मत लगाओ. पानी जैसा. पत्थर आया तो बाजू से निकल जाओ." पण जोर न लावता काही करायचं असतं, हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्यांनी खात्याच्या परीक्षेला बसावं तशी शांत होण्याची तयारी सुरू केली. सकाळी गॅलरीत मोढ्यावर, म्हणजे त्या बंगाली वेताच्या स्टुलावर, ताठ बसायचे आणि खणखणीत आवाजात, "काय यकृतराव, बरे आहात ना? किडनी, दोन नग, हजर?" ताई आतून म्हणायची, "अहो, मनात हसायचं असतं, हजेरी नाही घ्यायची." पाय सोडायचं पाणी ऊन झालं नाही तर पाण्यावर चिडायचे. फिरायला जाताना "आज रमतगमत झालंच पाहिजे!" असं बजावून निघायचे. आणि शूऽऽ तर असं करायचे की ताई म्हणाली, "लहान पोराला बसवल्यासारखं काय चाललंय तुमचं?"

मग आला आमच्या इथल्या मराठी मंडळींचा गणपती. कुणीतरी भाऊजींना गळ घातली की करमणुकीच्या कार्यक्रमाआधी या श्वासांचं प्रात्यक्षिक द्या. भाऊजी झब्बा घालून मंचावर बसले. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. हॉल छान निवांत झाला आणि तेवढ्यात मागच्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल ढोलताशासकट वाजला. भाऊजी ताडकन उठले आणि गरजले, "अरे, शांत व्हायला काय घ्याल? मूर्खांनो, आम्ही इथे राग घालवतोय ना!"

सगळे डोळे उघडले. मी ताईकडे पाहिलं, ती मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. गेलं, मी म्हटलं, आता दसऱ्याचीही वाट बघत नाही ही. भाऊजींनीही तिच्याकडेच पाहिलं. त्यांचा चेहरा असा काही उतरला... आणि मग त्यांच्या तोंडून आपोआप, ठरवून केलेला नव्हे, एक भलामोठा शूऽऽ बाहेर पडला. फुग्यातली हवा जावी तसा. पहिल्या रांगेतलं एक कारटं फिस्सकन हसलं. आणि काय सांगू, भाऊजी हसले! स्वतःवर हसले. गडगडाटी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अख्खा हॉल हसत होता आणि त्या गोंधळात ताई मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच पाहतेय गं."

त्या दिवसापासून त्यांनी परीक्षेची तयारी सोडली. घरातल्या घरात एक वेगळीच पद्धत निघाली, ती मात्र लिन आंटीच्या बापालाही सुचली नसती. राग येतोय असं वाटलं की भाऊजी बोलणं अर्धवट टाकून चपला घालायचे, दार उघडून बाहेर जिन्यात जायचे आणि दार ओढून घ्यायचे. बाहेरून शूऽऽ ऐकू यायचं. एकदा, दोनदा, लागेल तितकं. मग बेल वाजायची. ताईने दार उघडायचं आणि विचारायचं, "कोण पाहिजे?" भाऊजी पाहुण्यासारखे हात जोडून म्हणायचे, "माफ करा, इथे माझी बायको राहते का?" "राहते. या, चहा टाकलाय." शूऽऽ ऐकू आलं की ताई आधण ठेवायची, असा तो शिरस्ता. पहिल्या वेळी समोरच्या फ्लॅटमधले घोषबाबू लुंगीवरच धावत बाहेर आले होते, "मोधुकोरबाबू, गॅस लीक हो रहा है क्या?" भाऊजी म्हणाले, "लीक नहीं दादा, मैं खुद निकाल रहा हूँ." पुढे पुढे घोषबाबू आतूनच ओरडून विचारायचे, आज काय झालं, आणि कधीकधी भाऊजी आपल्या घरी परत यायच्या आधी त्यांच्याकडेच चहा पिऊन यायचे.

म्हणजे राग गेला होता का? छे! राग येतच होता. मीठ कमी पडलं की येत होता, क्रिकेट हरलो की येत होता, माझ्या नवऱ्याने पत्त्यात हरवलं की हमखास येत होता. पण तो ताईच्या अंगावर येत नव्हता, जिन्यात जाऊन येत होता. ताईला जे हवं होतं ते एवढंच होतं.

आणि बॅगेचं काय झालं? दसरा आला. इथे दुर्गापूजा, ढाक म्हणजे ते बंगाली ढोल, माणसांचा महापूर, घरात माईकचा दणदणाट, आणि भाऊजी दिवसातून कितीतरी वेळा जिन्यात. दसरा गेला. दोघांपैकी कुणी विषय काढला नाही. मग कालीपूजेनंतर हवेत गारवा आला तेव्हा ताईला शाल हवी होती, ती बॅगेत होती. तिने शाल काढली. काही दिवसांनी हळदीकुंकवाला बरी दिसेल म्हणून जरीची साडी काढली. मग मोजे, मग चष्म्याची जादा पेटी... एक दिवस झाडताना कळलं की बॅग रिकामी झालीय. तिने ती पुसून माळ्यावर टाकली. भाऊजी स्टूल धरून खाली उभे होते. त्या रात्री मी त्यांच्याकडे जेवायला गेले तर पानात श्रीखंड होतं, त्यावरून ताई राहणार हे मला कळलं.

भाऊजी गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ताई फार धीराची वागली. येईल त्याला चहा, जाईल त्याला निरोप. न्यू टाउनहून तिचा मुलगा सलील म्हणायचा, "आई, तू आमच्याकडे राहायला चल ना," आणि पुण्याहून दादाही तेच. ती कुणालाच हो म्हणेना की नाही म्हणेना. एक दिवस लिन आंटी आली. ताईचा हात हातात धरून बसली आणि म्हणाली, "सुधा, स्सऽऽ करो. गम फेफड़े में बैठ जाएगा." ताई नुसती हसली. "ते सगळं त्यांचं होतं, आंटी. मी कधी केलं नाही." खरंच तिने कधीच केलं नव्हतं. तिला वेळच कुठे होता, ती आधण ठेवत होती! पण ती रडत नव्हती, चिडत नव्हती, नीट जेवतही नव्हती, आणि मी तिच्याकडे राहिले ते याच धास्तीने.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी ती गॅलरीतून कपडे आणत होती. मोढा वाटेतच असतो, भाऊजींनी ठेवला तिथेच. तिच्या पायाची करंगळी त्यावर सणसणीत आपटली. ती कळवळली नाही. हातातले कपडे खुर्चीवर ठेवले, चपला घातल्या, दार उघडलं आणि बाहेर जाऊन ओढून घेतलं. मी स्वयंपाकघरात जागच्या जागी उभी. म्हटलं, आता येईल तो दुःखाचा श्वास, तो स्सऽऽ. येऊ दे बाई, मोकळी हो.

बाहेरून आलं ते शूऽऽ. जिना दणाणून सोडणारं. मग परत शूऽऽ. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, घोषबाबू बाहेर आले असावेत. मग ताईचा आवाज, भाऊजींना शोभेल असा मोठा, "मला म्हणाले थांब! थांबले ना मी? आणि स्वतः मात्र न सांगता..." त्यानंतर पुन्हा एक शूऽऽ, या वेळी लांब आणि तुटत तुटत गेलेलं. मी हातातली पळी ठेवली. माझे डोळे वाहत होते आणि मला हसूही येत होतं.

मग बेल वाजली.

मी दार उघडलं. ताईचं नाक लाल झालं होतं, केस विस्कटले होते, आणि कितीतरी दिवसांनी ती माझ्या बहिणीसारखी दिसत होती.  मग त्या घरात जे विचारतात तेच विचारलं.

"कोण पाहिजे?"

ताईने पदराने तोंड पुसलं. एक पाऊल आत टाकलं, पायातल्या चपला भाऊजींच्या चपलांशेजारी नीट लावल्या.

"कोणी नको," ती म्हणाली. "मी इथेच राहते."

मी बाजूला झाले, आणि आत जाऊन आधण ठेवलं.