पाचगणीच्या उतारावर नलूची एक घंटी

नलूला रिकाम्या बसमध्येही बसता येत नाही. बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून तिची सगळी नोकरी उभ्याने गेली. बाई निवृत्त झाली, सवय काही झाली नाही. लालबागला बाजाराला निघालो की मी धावत जाऊन खिडकी पकडते, आणि ही दांड्याला धरून माझ्या डोक्यावर उभी. वर नव्या कंडक्टरच्या कामावर बारीक लक्ष. एकदा दारात घोळका करून उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरांना तिने "चला, आत चला, दार तुमच्या बापाचं नाही" असं दरडावलं आणि पोरं निमूट आत सरकली. कंडक्टर बिचारा बघतच राहिला.

घोडपदेवच्या आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून आहे. नवरा गेला, मुलगा हितेंद्र लग्नानंतर बायकोला, अक्षदाला घेऊन बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला, पण नलू जागची हलली नाही. सकाळी ती चहाचा कप घेऊन कठड्याशी येते आणि जिना कोणी झाडायचा इथपासून आमचं भांडण सुरू होतं. ते नसेल तर माझा दिवस उगवत नाही, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर डोक्यावर बसेल.

मार्चमध्ये तिला जिन्यात चक्कर आली. उपास धरून भर उन्हात हिंडत होती, दुसरं काही नाही. डॉक्टरांनी तपासून धडधाकट म्हणून सांगितलं, पण हितेंद्रने धसका घेतला. तेव्हापासून रोज फोनवर एकच पालुपद. आई, एकटी राहू नकोस, बदलापूरला चल. ही रोज नाही म्हणायची आणि तो रोज नव्याने सुरू करायचा. दिवाळी झाल्यावर त्याने पाचगणीचा बेत काढला. "दोन दिवस फिरू, शांतपणे बोलू," म्हणाला. शांतपणे म्हणजे काय, ते नलूने ओळखलं आणि मलाही सोबत यायला लावलं. "तो आणि अक्षदा दोघं. माझ्या बाजूने नको कोण?" असं तिचं म्हणणं.

पाचगणीत आम्ही उतरलो त्या हॉटेलसमोरच बॅटरीवरच्या सायकली भाड्याने मिळत होत्या. दुकान प्रिती नावाच्या एका बाईचं. रंगीत सायकली ओळीने उभ्या, हँडलला हेल्मेटं लटकवलेली. आमच्याच वयाच्या दोन बायका तसल्या सायकलीवरून चढ चढून आल्या, त्याही हसत. मी तर सपाट रस्त्यावर चालतानाही हसू शकत नाही. नलू चहा तसाच टाकून उठली.

"कशी चालते ही?" तिने विचारलं.

"पॅडल मारलं की मोटर साथ देते, चढावर दम लागत नाही," प्रिती म्हणाली. "ब्रेक दाबला की मोटर बंद. तुम्हाला साधी सायकल येते ना?"

"येते तर! आमच्या गल्लीत तासावर मिळायची. भाऊ आणायचा, मी पळवायची."

"आई, काहीतरीच काय!" हितेंद्र मधे पडला. "या वयात? तू गाडीत बस. आपण वर टेबललँडला गाडीने जाऊ."

'या वयात' हे दोन शब्द त्याने बोलायला नको होते. नलूच्या नाकपुड्या फुगल्या. सुट्टे न देणाऱ्या पॅसेंजरकडे ती अशीच बघायची.

"हितू, ऐक," ती म्हणाली. "त्या वरच्या वळणापर्यंत मी ही चालवत जाते आणि इथे परत येते. न पडता आले तर बदलापूरचं नाव परत काढायचं नाही. पडले, तर तू म्हणशील तेव्हा सामान बांधते. बोल."

मला तिला चिमटा काढावासा वाटला. अगो बाई, घर काय असं रस्त्यावर पणाला लावतात? पण हितेंद्र पटकन "चालेल" म्हणाला. त्याला वाटलं, ही पहिल्या चढालाच खाली उतरेल. तरी काळजीपोटी त्याने स्वतःसाठीही एक सायकल घेतली आणि तो तिच्या मागोमाग निघाला.

मी आणि अक्षदा दुकानाच्या बाकावर बसलो. सुरुवातीला नलू थोडी डुगडुगली. मग मोटरने साथ दिली आणि तिचा पदर, हेल्मेट, सगळं झोकात चढ चढू लागलं. सिल्व्हर ओकच्या झाडांखालून ती वळणावर दिसेनाशी झाली. अक्षदाने माझा हात घट्ट धरला होता. "मावशी, आई जिंकल्या पाहिजेत," ती हळूच म्हणाली. सुनेच्या तोंडून हे ऐकून मी उडालेच.

थोड्या वेळाने नलू वळणावर परत दिसली. तोंडभर हसू. एखाद्या शाळकरी पोरीसारखी ती खाली येत होती, आणि रस्त्यावरच्या घोडेवाल्यांना "बाजू, बाजू" करून ओरडत होती. हितेंद्र मागे राहिलेला. दुकान जवळ आलं. आता ब्रेक दाबायचा, उतरायचं, संपलं. मी बाकावरून उठून टाळ्या वाजवायला हात वर केले.

नलूने टण्ण करून एक घंटी मारली. आणि ती सायकल थांबायची वाट बघत राहिली.

अहो, जन्मभर बाईने तेच केलं होतं! दोन घंट्या दिल्या की बस निघते, एक दिली की थांबते. थांबवण्याचं काम पुढे बसलेल्या ड्रायव्हरचं. इथे ड्रायव्हर तीच आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पुन्हा एकदा जोरात टण्ण झालं, आमच्या डोळ्यांसमोरून ती सरळ पुढे गेली आणि घोड्यांसाठी टाकलेल्या हिरव्या गवताच्या ढिगात हेल्मेटसकट घुसली. तिथला पांढरा घोडा दोन पावलं मागे सरला, इतकंच.

आम्ही धावलो. गवतातून आवाज आला, "मी घंटी दिली होती!"

प्रिती हसून हसून खाली बसली. अक्षदा हसली, घोडेवाले हसले, मी तर पोट धरून तिथेच कोसळले. नलूला खरचटलंही नव्हतं. हितेंद्रने सायकल टाकली आणि तिला ओढून बाहेर काढलं. तोही हसत होता, पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

नलूने केसांतलं गवत काढलं. माझं हसू तेव्हा थांबलं, कारण तिचा चेहरा उतरला होता.

"पडले," ती म्हणाली. "शब्द दिला तो दिला. कधी यायचं बदलापूरला?"

हितेंद्रने तिच्या खांद्यावरचं गवत झटकलं. मग म्हणाला, "नको येऊस. तुला काही झालेलं नाही, आई. बघितलं मी आता, तू माझ्यापेक्षा जोरात चालवतेस."

"मग इतके महिने माझं डोकं का खाल्लंस?"

"करमत नाही गं मला तुझ्याशिवाय. घरी आलो की कोण ओरडत नाही. हे कसं बोलणार? म्हणून तुझी काळजी वाटते म्हणायचो."

 नलूने त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"मेल्या, हे मार्चमध्ये बोलायचं होतंस! म्हातारी झालीस म्हणून चल म्हणालास, म्हणून नाही म्हणाले. करमत नाही म्हणाला असतास तर त्याच दिवशी आले असते. राहायला नाही हं, शनिवार-रविवार. सोमवारी माझी खोली, माझी गॅलरी."

"आणि मी?" माझ्या तोंडून निघून गेलं. "सोमवारी नक्की येशील ना गं?"

सगळे माझ्याकडे वळले. इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मी असं भर रस्त्यात, घोड्यासमोर बोलून बसले होते. नलूने मला जवळ ओढलं. तिच्या अंगाला ओल्या गवताचा वास येत होता. "येणार गो बाये," ती म्हणाली. "तुझ्याशी भांडल्याशिवाय मला तरी चहा कुठे गोड लागतो?"