जिराफ आणि तोरण

दसऱ्याचं तोरण सुकायला लागलं की आंब्याच्या पानांचा जो तुरट वास येतो, त्याने मी थेट गोडदेव गावातल्या माझ्या बालवाडीत जाऊन पोचते. नव्या बिल्डिंगमधल्या दुकानाच्या गाळ्यात वर्ग भरायचा आणि भिंतीवर जिराफाचा तक्ता होता. वर्गात सगळ्यात उंच मी. "ही आपली जिराफ," म्हणत टीचरने मला दाराशी स्टुलावर उभं केलं, हात मागे धरायला लावले आणि वरचं तोरण दाखवलं. "जिराफ पानं कशी खातो? दाखव सगळ्यांना." मी मान ताणून एक पान दातांनी तोडलं आणि चावलं. पोरं टाळ्या पिटत होती. मला रडू फुटलं, तशी टीचर हसून म्हणाली, "जिराफ आवाज नहीं करता, बेटा." मग सगळा वर्ग तेच ओरडायला लागला. तेवढ्यात आई न्यायला आली. मी पान थुंकून तिच्याकडे धावले, तर तिने मला उचलून परत स्टुलावर ठेवलं. "टीचर शिकवतायत ना? नीट कर." काल लेकीबरोबर टीव्ही बघताना कळलं, जिराफाचं पिल्लू घाबरलं की चक्क ओरडतं. आई शेजारीच बसली होती. मी रिमोट घेऊन आवाज वाढवला.